रामानुजन यांचं हार्डींना शेवटचं पत्र

श्रीनिवास रामानुजन यांचं नाव निघालं की नामगिरी देवी आणि तिने स्वप्नात दिलेली सूत्रं आठवतात. त्यांनी १२ जानेवारी १९२० रोजी मद्रासहून प्रा. जी. एच. हार्डी यांना इंग्लंडला लिहिलेलं पत्र मात्र वेगळाच माणूस दाखवतं.

याआधीच्या २७ मार्चला रामानुजन मुंबई बंदरात उतरले होते. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी क्षय ठरवलेलं दुखणं सोबत होतं. तेव्हापासून हार्डींना एक ओळही लिहिली नव्हती. त्याबद्दल सुरुवातीलाच दिलगिरी व्यक्त करून ते थेट गणिताकडे वळतात. हार्डींना तर हे पत्र प्रसन्न आणि गणिताने भरलेलं वाटलं होतं. २६ एप्रिलला, वयाच्या ३२व्या वर्षी, रामानुजन गेल्याची बातमी आली तेव्हा म्हणूनच त्यांना धक्का बसला.

दोघांची ओळखही पत्रातूनच झालेली. १६ जानेवारी १९१३ला मद्रास पोर्ट ट्रस्टमधल्या, वर्षाला २० पौंड मिळवणाऱ्या कारकुनाने अनोळखी प्राध्यापकाला आपली सूत्रं पाठवली होती. १९२०चं पत्र लिहिणारा रॉयल सोसायटीचा फेलो होता आणि तो मित्राला आपलं चालू काम दाखवत होता.

काय होतं त्या कामात? थीटा नावाची फलनं गणितज्ञांना शंभरेक वर्षं ठाऊक होती. काही ठरावीक बिंदूंजवळ ती कशी वाढत जातात, हेही माहीत होतं. त्या बिंदूंजवळ तशीच वागणारी, पण मुळात थीटा नसलेली फलनं असतील का, असा रामानुजन यांचा प्रश्न होता. अशा फलनांना त्यांनी ‘मॉक थीटा’ म्हटलं आणि १७ उदाहरणं दिली: तिसऱ्या कोटीची चार, पाचव्या कोटीची दहा, सातव्या कोटीची तीन. त्यातल्या पहिल्याच मालिकेचा विस्तार केला तर सहगुणक येतात १, १, −२, ३, −३, ३, −५, ७... दुसऱ्या सहगुणकापासून चिन्हं आलटून पालटून येतात, आकडे मात्र सहज अंदाज लागू देत नाहीत. ‘कोटी’ म्हणजे काय हे सांगितलेलं नाही, आणि बऱ्याच विधानांच्या सिद्धताही नाहीत.

हार्डींकडून हे काम गणितज्ञ जी. एन. वॉटसन यांच्याकडे गेलं. १९३५मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या अध्यक्षीय भाषणासाठी त्यांनी हाच विषय घेतला आणि त्याला ‘अंतिम प्रश्न’ म्हटलं. रामानुजन यांच्या अखेरच्या वर्षातले कागदही वॉटसन यांच्याकडे होते. वॉटसन यांच्या निधनानंतर ते ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात पोचले आणि १९७६मध्ये गणितज्ञ जॉर्ज अँड्र्यूज यांच्या हाती लागले. हीच ती ‘हरवलेली वही’. तिच्यात मॉक थीटांवरचं आणखी काम निघालं. मूळ पत्राची काही पानं मात्र आज मिळत नाहीत.

कोडं उलगडायला २००२ उजाडलं. सँडर झ्वेगर्स या डच गणितज्ञाने आपल्या प्रबंधात दाखवलं की या मालिका एका मोठ्या रचनेचा अर्धाच भाग आहेत. ठरावीक पूरक पद मिळवलं की तिची सममिती पुरी होते. दहा वर्षांनी अतीश दाभोलकर, समीर मूर्ती आणि डॉन झागिए यांनी हेच गणित कृष्णविवरांच्या क्वांटम अवस्था मोजायला वापरलं. दाभोलकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले मराठी भौतिकशास्त्रज्ञ आहेत.

चमत्काराच्या कथेत न बसणारं बरंच काही या पत्रात आहे. वर्गीकरण आहे, ताळा पाहण्याजोगी उदाहरणं आहेत, आणि अमुक घडतं व अमुक घडायला हवं असं वाटतं, यांतला फरकही राखलेला आहे. दैवी कौल असा लिहिला जात नाही. मेहनतीने केलेलं काम असं लिहिलं जातं.

२२ डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिनी, शाळांतून रामानुजन यांची १७२९ क्रमांकाच्या टॅक्सीची गोष्ट हमखास सांगितली जाते. शिक्षकांनी ती जरूर सांगावी. पण सोबत हे पत्रही वर्गात न्यावं आणि मुलांना त्या पहिल्या मालिकेची चार पदं स्वतः काढायला लावावीत.