माल चालेल, माणूस नको!

एरवी पेट्रापोलच्या सीमेवर कसं चालतं? आपला ट्रक थेट बांगलादेशात शिरतो, पलीकडच्या बेनापोलला माल उतरवतो आणि ड्रायव्हर रिकामी गाडी घेऊन परत येतो. कोलकात्यापासून साधारण ८० किलोमीटरवरचं हे ठिकाण म्हणजे भारत-बांगलादेश रस्तेव्यापाराचा मुख्य दरवाजा. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि तो बंद झाला. रस्त्यावर ट्रकच्या रांगा तशाच उभ्या.

एप्रिलअखेर तोडगा निघाला. ट्रकने सीमा ओलांडायचीच नाही. मधल्या ‘झीरो पॉइंट’वर माल एका देशाच्या गाडीतून दुसऱ्या देशाच्या गाडीत चढवायचा. पण तेही दोन-तीन दिवसच टिकलं. पलीकडच्या माणसांशी संपर्क आला तर कोरोना गावात येईल, म्हणून स्थानिकांनी विरोध केला. ट्रक अडवू नका, असं केंद्राने पश्चिम बंगाल सरकारला कळवलं, तरी रस्ता उघडायला जून उजाडला. जुलैत बेनापोलकडून अडवणूक झाली. ‘तुमचा माल येतो, मग आमचा का नाही?’ हा त्यांचा सवाल होता. तोही रास्तच!

रस्ता अडला तेव्हा रेल्वे कामाला आली. कारण साधं आहे. शेकडो ट्रक म्हणजे शेकडो ड्रायव्हर-क्लीनर. मालगाडीला मोजकी माणसं पुरतात. मे महिन्यात आपल्या नाशिक जिल्ह्यातला कांदा रेल्वेने बांगलादेशात गेला.

पण इथे एक गोची होती. अख्खी मालगाडी भरायची तर एका खेपेला दीड हजार टनांहून जास्त माल हवा. आंध्रातल्या गुंटूरच्या मिरचीवाल्या छोट्या शेतकऱ्याने तो आणायचा कुठून? मग जुलैत तिथून बेनापोलला खास पार्सल गाडी सोडली. १६ डबे, ३८४ टन सुकी मिरची. लहान शेतकऱ्यालाही जागा मिळाली.

ड्रायव्हर आणि हमालांसाठी मात्र अशी कुठली गाडी सुटली नाही. खेप झाली तर पैसे, नाही तर नाही, असा ज्यांचा हिशेब, त्यांचे ते महिने कोरडेच गेले.

परीक्षेत ‘महामारीचा व्यापारावर परिणाम’ असा प्रश्न आला की आपण आयात-निर्यातीच्या टक्क्यांनी पान भरतो. या वेळी एक ओळ वाढवून बघा: सीमेवर मालाला वाट मिळाली, तो वाहणाऱ्या माणसाला नाही.