Explained : स्क्रीन न पाहता व्हिडीओ गेम कसा खेळतात?

पंचवटी, नाशिक : रामकुंडावर डोळे मिटून उभे राहा. गोदावरीचे पाणी कोणत्या बाजूला आहे, घंटा कुठे वाजते आहे, मागून रिक्षा येते आहे का, हे कान बरोबर सांगतात. दृष्टिहीन खेळाडू व्हिडीओ गेम खेळतात ते याच आधारावर. मात्र त्यासाठी गेममधली माहिती आवाजात असावी लागते. अनेक मोबाईल गेम इथेच कमी पडतात.

अडचण नेमकी कुठे?
अँड्रॉइडमधील टॉकबॅक आणि आयफोनमधील व्हॉइसओव्हर हे स्क्रीन रीडर बटणांची नावे व मजकूर वाचून दाखवतात. पण युनिटीसारख्या इंजिनवर बनलेला गेम संपूर्ण स्क्रीन एखाद्या चित्रासारखी रंगवतो. डोळ्यांना ‘प्ले’ बटण दिसते, टॉकबॅकला तिथे काहीच सापडत नाही. त्यामुळे खेळाडू पहिल्या मेनूतच अडकतो. युनिटीने २०२३.२ आवृत्तीपासून ही माहिती मोबाईलच्या स्क्रीन रीडरला देण्याची सोय केली. मात्र ती वापरायची की नाही, हे डेव्हलपरच ठरवतो.

मोठ्या गेममध्ये काय बदलले?
२०२० मध्ये आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’मध्ये ६० हून अधिक अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंग आहेत. एक बटण दाबले की पात्र पुढच्या वाटेकडे वळते. शत्रू किंवा वस्तू कुठे आहे, हे त्या दिशेने येणाऱ्या आवाजावरून कळते. २०२३ च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’मध्ये वळण जवळ आले, गाडी ट्रॅकच्या कडेला गेली किंवा गिअर बदलायची वेळ झाली, की वेगवेगळे आवाज येतात. शर्यत तीच, प्रतिस्पर्धीही तेच; फक्त माहिती कानांपर्यंत पोहोचते.

महाराष्ट्रात याचा दाखला आहे का?
आहे, बुद्धिबळाचा. दृष्टिहीनांच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, सोंगट्या भोकांत बसतात आणि काळ्या सोंगट्यांना स्पर्शाने ओळखता येणारी खूण असते. प्रत्येक चाल मोठ्याने सांगितली जाते. ऐकण्यात गोंधळ नको म्हणून पटाच्या स्तंभांना अ‍ॅना, बेला, सीझर अशी नावे आहेत. खेळाचे मूळ नियम तेच राहतात, म्हणूनच दृष्टिहीन खेळाडू डोळस प्रतिस्पर्ध्यासमोर बसू शकतो. मुंबईचे दृष्टिहीन बुद्धिबळपटू चारुदत्त जाधव यांनी दृष्टिहीनांसाठी ‘टॉक६४’ हे बोलणारे बुद्धिबळ सॉफ्टवेअरही तयार केले.

कायदा काय सांगतो?
दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चे कलम ४२ सरकारला जबाबदारी देते, की इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर दिव्यांगांना वापरता यावा. त्यात व्हिडीओ गेमचा वेगळा उल्लेख नाही.

तुम्ही काय तपासू शकता?
सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅक सुरू करा. बंद करणे सोपे जावे म्हणून व्हॉल्यूम बटणांचा शॉर्टकट आधीच चालू ठेवा. आता एका टॅपने बटणाचे नाव ऐकू येईल, दोनदा टॅप केल्यावर ते उघडेल. मग आवडता गेम उघडा आणि स्क्रीनकडे न पाहता खेळ सुरू करून बघा. फोन गप्पच राहिला, तर प्ले स्टोअरवरील रिव्ह्यूमध्ये ‘टॉकबॅक चालत नाही’ असे लिहा. गेम बनवणाऱ्या विद्यार्थ्यांनी मात्र ही चाचणी गेम प्रसिद्ध करण्यापूर्वीच घ्यावी. मेनू बनवतानाच बटणांना नावे देणे सोपे असते. तयार गेममध्ये ती नंतर घालायची, तर काम वाढते.