विश्लेषण : आडनाव ‘नल’, संगणक म्हणतो ‘रकाना रिकामा’! एका आडनावाने यंत्रणा का गोंधळतात?

विमानाचे तिकीट काढायचे असो वा बँकेत खाते उघडायचे असो, ऑनलाइन अर्जातील आडनावाचा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण रकाना भरूनही संकेतस्थळ ‘कृपया आडनाव लिहा’ असेच सांगत राहिले तर? अमेरिकेत ‘नल’ आडनाव असलेल्यांना हा अनुभव नवा नाही. आडनाव खरे, कागदपत्रे खरी, तरी संगणकाच्या लेखी माणूस बिनआडनावाचा. असे का होते?

‘नल’चा अर्थ काय?

इंग्रजीतील ‘नल’ हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ ‘एकही नाही’. करारनाम्यांत दिसणारा ‘नल अँड व्हॉइड’ म्हणजे रद्दबातल, हा शब्दप्रयोग त्यातलाच. जर्मन भाषेत याच स्पेलिंगचा अर्थ शून्य. आडनावाचा मात्र शून्याशी संबंध नसावा. ते ‘नोल’ या जर्मन आडनावाशी जोडले जाते आणि त्याचा एक अर्थ ‘टेकडीजवळ राहणारा’ असा सांगितला जातो. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या अनेक कुटुंबांच्या आडनावांची स्पेलिंग तिथे बदलली.

संगणकाच्या भाषेत ‘नल’ म्हणजे?

‘नल’ म्हणजे माहितीच नसणे. खात्यात शून्य रुपये असणे वेगळे आणि खात्यात किती रुपये आहेत हे ठाऊकच नसणे वेगळे. या दुसऱ्या स्थितीसाठी डेटाबेसमध्ये ‘नल’ ही खूण वापरतात. प्रोग्रामिंगमध्ये ‘नल रेफरन्स’ ही कल्पना ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये आणली. त्यातून पुढे इतके बिघाड उद्भवले, की २००९ मध्ये त्यांनीच तिला आपली ‘एक अब्ज डॉलरची चूक’ म्हटले.

गोंधळ नेमका कुठे होतो?

‘नल’ ही खूण आणि ‘नल’ हा अक्षरांत लिहिलेला शब्द, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगल्या प्रणालीत त्या कधीच एकमेकींत मिसळत नाहीत. परंतु माहिती एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे जाताना बहुतेकदा साध्या मजकुराच्या रूपात जाते. तेव्हा रिकाम्या रकान्याच्या जागी ‘नल’ अशी अक्षरेच उमटू शकतात. ती पाहून एखादा प्रोग्रामर पळवाट काढतो : आडनावात ‘नल’ दिसले, की रकाना रिकामा समजायचा. चाचणीत सगळे सुरळीत दिसते. खरोखरच्या नल कुटुंबाने अर्ज भरला, की तो अडकतो.

फटका कुणाला बसला?

अमेरिकी तंत्रज्ञान पत्रकार क्रिस्तोफर नल यांनी २०१५ मध्ये ‘वायर्ड’मध्ये या त्रासाबद्दल लिहिले. आडनावापुढे पूर्णविराम देणे, ही त्यांची एक युक्ती. लग्नानंतर हे आडनाव घेतलेल्या एका महिलेला विमानाचे तिकीट ऑनलाइन मिळेना, म्हणून फोनवरून काढावे लागे.

कॅलिफोर्नियातील सुरक्षा संशोधक जोसेफ टार्टारो यांनी गंमत म्हणून गाडीला ‘नल’ अशी नंबरप्लेट घेतली. ज्या दंडाच्या पावत्यांवर गाडीचा क्रमांक नोंदवलेलाच नव्हता, त्याही त्यांच्या नावावर जमू लागल्या. हा आकडा १२ हजार डॉलरवर गेल्याचे त्यांनी २०१९ मध्ये एका परिषदेत सांगितले.

‘ट्रू’ या इंग्रजी आडनावाचीही तीच गत. त्याचा अर्थ विश्वासू, इमानी. संगणकात मात्र ‘ट्रू’ हे ‘खरे-खोटे’ यांपैकी एक मूल्य आहे. अभिनेत्री रेचल ट्रू यांना याच कारणाने आपले आयक्लाऊड खाते अनेक महिने वापरता आले नाही. २०२१ मध्ये त्यांनी समाजमाध्यमावर तक्रार केल्यावर याची चर्चा झाली.

भारतीयांशी याचा संबंध काय?

आपल्याकडे अडचण उलटी आहे. अनेकांना आडनावच नसते किंवा पासपोर्टवर एकच नाव असते. अशा व्यक्तीच्या अमेरिकी व्हिसावर ते नाव आडनावाच्या रकान्यात जाते आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘नाव अज्ञात’, असे छापले जाते. पुढे तिथल्या इतर कागदपत्रांतही हीच तीन अक्षरे नाव होऊन बसतात. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर प्रवेश नाकारण्याचा नियम केला. पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असल्यास ते ग्राह्य धरू, असे नंतर स्पष्ट करण्यात आले.

उपाय काय?

तांत्रिक उपाय अवघड नाही. नाव हा शेवटपर्यंत मजकूरच मानायचा, विशिष्ट शब्दांवर सरसकट बंदी घालायची नाही, आडनावाची सक्ती करायची नाही आणि चाचणी करताना अशी नावे मुद्दाम वापरून पाहायची. जुन्या प्रणालींत हे बदल करणे मात्र खर्चिक आणि वेळखाऊ असते. त्यामुळे अडचण ग्राहकाच्याच माथी येते : पूर्णविराम जोडा, फोन करा, नाहीतर नाव बदला. पण तिकिटावरचे आणि पासपोर्टवरचे नाव जुळले नाही, तर विमानतळावर अडचण होऊ शकते. म्हणूनच अर्ज पुढे सरकावा म्हणून नावात फेरफार करण्याआधी विमान कंपनीकडे चौकशी करणे सोयीचे.