लिस्बनच्या ताटात

युरोपातल्या एखाद्या शहरात तीन-चार दिवसांसाठी जाणाऱ्या माणसाला हल्ली ‘तिथे काय खावे’ याची यादी कोणीही देते. लिस्बनची यादी तर पाठच झालेली असते : अंड्याच्या मलईचा पश्तेल द नाता, खारवलेला कॉड मासा, चेरीची जिंजिन्या, जूनमध्ये गेलात तर निखाऱ्यावरची तारली. यादी चूक नाही. पण प्रत्येक पदार्थापुढे ‘अस्सल स्थानिक’ असा जो शिक्का असतो, त्याच्याबद्दल मला बोलायचे आहे. गेली काही वर्षे मी मराठी-कोकणीतल्या पोर्तुगीज शब्दांच्या मागे आहे. माझे शिक्षण या विषयातले नाही. वाचत, विचारत आणि चाखत जे जमले ते जमले. त्या नादात लिस्बनच्या खाण्याकडे पाहिले, तेव्हा तिथले सर्वांत ‘स्थानिक’ पदार्थच सर्वांत दूरवरून आलेले निघाले.

पहिला मान कॉडचा. पोर्तुगीज भाषेत बाकाल्याव. नाताळच्या आदल्या रात्री घरोघरी उकडलेला बाकाल्याव, बटाटे आणि कोबीची पाने असे जेवण होते. तो करण्याचे हजार आणि एक प्रकार आहेत, असे तिथे अभिमानाने सांगतात. आणि हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही! तो थंड पाण्यातला. न्यूफाउंडलंड, आइसलंड, नॉर्वेकडचा. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पोर्तुगीज कोळी अटलांटिक ओलांडून त्याच्यासाठी जात होते. मासा तिथेच चिरायचा, मिठात दाबायचा, परत आणून वाळवायचा. मीठ मात्र घरचे, किनाऱ्यावरच्या मिठागरांतले. कॅथलिक पंचांगात मांस वर्ज्य असलेले दिवस पुष्कळ, आणि महिनोन्महिने टिकणारा मासा डोंगरातल्या खेड्यापर्यंत पोहोचू शकत होता. आपल्याकडे देशावरच्या बाजारात सुके बोंबील आणि सोडे पोहोचतात, तसाच हा हिशेब.

पण बाकाल्याव ‘राष्ट्रीय’ झाला तो बऱ्याच अंशी सरकारी इच्छेने. 1934 मध्ये सालाझारच्या हुकूमशाहीने कॉडच्या व्यापारासाठी नियंत्रण मंडळ स्थापन केले. आयात कमी करायची आणि आपल्या जहाजांनी आपला मासा आणायचा, असे धोरण होते. दुसऱ्या महायुद्धात तटस्थता दिसावी म्हणून ही जहाजे पांढरी रंगवली गेली. ‘पांढरा ताफा’ हे नाव त्यावरून पडले. वसंतात ताफा निघताना बेलें इथे धर्मगुरू आशीर्वाद देत. फोटोत हे सगळे फार सुंदर दिसते. प्रत्यक्ष काम असे होते : पहाटे जहाजावरून छोट्या सपाट होड्या पाण्यात सोडायच्या, प्रत्येक होडीत एकच माणूस. शेकडो गळ लावलेली दोरी, धुके, बर्फाळ वारा आणि होडी भरेपर्यंत एकट्याने ओढणे. परत येऊन रात्री उशिरापर्यंत मासे चिरणे. हे सहा महिने. काही हंगाम ही चाकरी केली की सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळे, म्हणून कोवळी मुलेही जात. बाकीचे देश यंत्रांकडे वळले, तरी एका माणसाची होडी पोर्तुगालमध्ये 1970च्या दशकापर्यंत टिकली. राष्ट्रीय अन्न स्वस्त राहावे, याची किंमत त्या होडीतला माणूस देत होता. आज तिथल्या दुकानांत लाकडासारखे उभे रचलेले कॉड मुख्यतः नॉर्वे आणि आइसलंडकडून येतात.

खायचा कसा? नवख्याने ‘बाकाल्याव आ ब्राश’पासून सुरुवात करावी : माशाचे तंतू, काडीसारखा तळलेला बटाटा, कांदा, अंडे आणि वर काळे ऑलिव्ह. सुका मासा एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवलेला असतो, त्यामुळे खारटपणाची धास्ती नको. उभ्याउभ्या खायचे असेल तर कॉड-बटाट्याचे लांबट वडे मिळतात. एक व्यवहाराची गोष्ट : बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज समोर ठेवतात. ते पाहुणचाराचे नसते, खाल्ले तर बिलात येते. नको असेल तर सरळ परत द्यावे, कोणी रागावत नाही.

तो पावच घ्या. पोर्तुगीज शब्द ‘पांव’, शेवटचा स्वर नाकातून. आपला पाव तिथून आला. ‘पायाने मळतात म्हणून पाव’ ही आपल्याकडची गंमत अजून काही लेखांत गंभीरपणे छापली जाते, ती आता थांबावी. ‘पावशेर’मधला पाव वेगळा, तो संस्कृत ‘पाद’चा वंशज. गोव्यात पाववाल्याला ‘पोदेर’ म्हणतात, तो पोर्तुगीज ‘पादेइरू’. खमीर मिळेना तेव्हा गोव्याच्या भट्ट्यांनी माडाची सूर घालून पीठ फुगवले. बटाटा, काजू, अननस हे शब्दही त्याच जहाजांनी आणले. वडापावात तीन प्रमुख घटक धरले, पाव, बटाटा आणि मिरची, तर तिन्ही पोर्तुगीजांमुळे आलेले, आणि त्यांतला बटाटा नि मिरची मूळ अमेरिकेतली. आपल्या ‘कोबी’चे पोर्तुगीज रूप ‘कोव’. लिस्बनमध्ये ‘काल्दू व्हेर्द’ या सुपात कोवची गडद हिरवी पाने केसासारखी बारीक चिरलेली असतात, खाली घोटलेला बटाटा आणि वर डुकराच्या सॉसेजची एक चकती. शाकाहारी वाचकांनी चकती आधीच नको म्हणावी. तरी सूप तिच्याशिवाय शिजले असेल, याची खात्री नाही.

आता जिंजिन्या. रॉसियू चौकाला लागून सांव दोमिंगोशचा छोटा चौक आहे. तिथे 1840 पासूनचे एक दुकान, दुकान कसले, भिंतीतले भोकच. आंबट चेरी दारूत साखर आणि दालचिनीसह मुरवतात आणि घोटभर पेल्यात देतात. ‘त्यांच्यासह की त्यांच्याविना?’ असा प्रश्न येतो. ‘त्या’ म्हणजे चेरी. त्यांच्यासह घ्यावी, बी रस्त्यावर थुंकू नये, एवढेच.

पेला हातात घेऊन माणसे ज्या चौकात उभी राहतात, तिथे त्यांनी थोडे वळून पाहावे. 1497 मध्ये राजा मानुएलने पोर्तुगालमधल्या ज्यूंना बळजबरीने ख्रिस्ती केले. या ‘नव्या ख्रिस्त्यां’वर कोणाचाही विश्वास नव्हता. एप्रिल 1506 मध्ये सांव दोमिंगोश चर्चमध्ये क्रूसावर दिसलेल्या प्रकाशाला लोक चमत्कार म्हणू लागले. एका नव्या ख्रिस्त्याने शंका घेतली, तेव्हा जमावाने त्याला ठार केले. मग तीन दिवस शहरात कत्तल चालली आणि हजारोंच्या घरात माणसे मेली. त्याची आठवण म्हणून चौकात दगडी स्मारक उभे राहिले ते 2008 मध्ये, पाचशे वर्षांनी. चर्चच्या आत 1959च्या आगीने तडकलेले खांब तसेच ठेवले आहेत.

याच समाजातला एक माणूस आपल्या ओळखीचा आहे. गार्सिया द ऑर्टा हा लिस्बनच्या विद्यापीठात शिकवणारा वैद्य 1534 मध्ये गोव्याला निघून आला. मुंबई बेट त्याला पट्ट्याने मिळाले होते. वर्षातून दोनदा फळणाऱ्या आपल्या मुंबईच्या आंब्याचा उल्लेख त्याने केला आहे. आंबा, नारळ, फणस, दालचिनी यांवरचा त्याचा संवादरूपी ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. 1568 मध्ये तो मेला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गोव्याच्या इन्क्विझिशनने जाळले. 1580 मध्ये त्याची हाडे उकरून तीही जाळली. गुप्तपणे ज्यू राहिल्याचा आरोप होता.

म्हणून लिस्बनच्या भोजनगृहात ‘आल्येइरा’ दिसली तर मागवावी. उत्तरेकडच्या मिरांदेलाची ही घोड्याच्या नालेसारखी सॉसेज : कोंबडी किंवा इतर मांस, पाव, लसूण. डुक्कर न खाणाऱ्या नव्या ख्रिस्त्यांनी शेजाऱ्यांना दिसावी म्हणून ती घरात टांगायला सुरुवात केली, अशी कथा सांगतात. अनेक इतिहासकार या कथेवर विश्वास ठेवत नाहीत. उरलेले मांस आणि शिळा पाव वापरण्याची काटकसर त्यांना पुरेसे कारण वाटते. मलाही तसेच वाटते. पण डुक्कर टाळणे हा इन्क्विझिशनपुढे खरोखर पुरावा मानला जाई, त्यामुळे अशी कथा जन्मावी यात नवल नाही. आज मिळणाऱ्या बऱ्याच आल्येइरांत डुक्करही असते.

पश्तेल द नाताविषयी थोडक्यात. 1834 मध्ये पोर्तुगालमधले मठ बंद झाले. बेलेंच्या जेरोनिमोश मठाशेजारी साखरेचा कारखाना होता; तिथे 1837 पासून मठाच्या पाककृतीने हे पदार्थ विकले जाऊ लागले. ते दुकान अजून आहे, आणि ‘पश्तैश द बेलें’ हे नाव त्याच दुकानाचे. मठांच्या गोडांत अंड्याचा पिवळा बलक भरमसाट असतो. पांढरा बलक कपड्यांना खळ करण्यासाठी आणि वाईन नितळ करण्यासाठी जाई, असे कारण सांगतात. मला साखरेचे कारण मोठे वाटते : मदेइरा आणि मग ब्राझीलचे मळे, आणि तिथे राबणारे आफ्रिकन गुलाम. वर भुरभुरायची दालचिनी श्रीलंकेची. गरम असतानाच खावा; थंड झाला की पापुद्रे मऊ पडतात. सोबत ‘बीका’ म्हणजे छोटी कडक कॉफी.

शेवटी शामूसा. लिस्बनच्या अगदी साध्या कॉफीच्या टपरीतही काचेमागे त्रिकोणी समोसा असतो आणि तिथल्या लोकांना तो परका वाटत नाही. 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर काही गोवेकर कुटुंबे तिकडे गेली. 1975 मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर तिथे दोन-तीन पिढ्या काढलेले गोवेकर आणि गुजराती आले, आणि त्यांच्याबरोबर शामूसाही. आपल्यापेक्षा त्याचे आवरण पातळ, आत बहुधा खिमा. गोवेकरांच्या खानावळीत शाकुती मिळते, सारपतेलही मिळते. या सारपतेलचे मूळ पोर्तुगालच्याच आलेंतेजू प्रांतात आहे. तिथे ते कोकराचे किंवा डुकराचे करतात, गोव्याने त्यात सिरका आणि मिरची वाढवली. व्हिंदालूचेही तसेच. ‘विन्या द आल्योश’ म्हणजे वाईन आणि लसणीत मुरवलेले डुकराचे मांस मदेइरात नाताळला आजही करतात. त्यात बटाट्याचा, म्हणजे ‘आलू’चा, काही संबंध नाही. दोन्ही लिस्बनमध्ये एकाच दिवशी खाता आली, तर आधी मदेइराचे खावे. गोव्याच्या मिरचीनंतर त्याची चव लागणार नाही.