टूपाक शकूर : दंतकथा आणि दफ्तर

शकूर हे आडनाव कानी पडताच हा अमेरिकन रॅपर जन्माने मुसलमान असला पाहिजे असे आपल्याकडील वाचकाला वाटते, आणि टूपाक हे नाव त्याने रंगमंचासाठी घेतले असावे असे त्याची गाणी पाठ असलेल्यांपैकीही पुष्कळजण धरून चालतात. वस्तुतः १६ जून १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात जन्मलेल्या या मुलाचे पहिले नाव लेसेन पॅरिश क्रुक्स असे होते. ते बदलून, अठराव्या शतकात पेरू देशात स्पॅनिश सत्तेविरुद्ध मूळ रहिवाशांचे बंड उभारणाऱ्या आणि १७८१ साली देहान्ताची शिक्षा भोगणाऱ्या टूपाक आमारूचे नाव त्याला त्याच्या आईने दिले. आडनावही पित्याचे नव्हे. पिता बिली गार्लंड. शकूर हे आईचे पहिले पती लुमुम्बा शकूर यांचे, कृष्णवर्णीयांच्या मुक्तिलढ्यात उतरलेल्या एका घराण्याने धारण केलेले अरबी नाव, आणि कृतज्ञ असा त्याचा अर्थ.

ग्रंथांशी व शाळेशी सुतराम संबंध नसलेला एक उद्दाम तरुण, हे त्याचे जे चित्र दीर्घकाळ रंगवले गेले, त्याचे निरसन त्याच्या आईपासूनच आरंभावे लागते. अफेनी शकूर या ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यकर्त्या. मुंबईत १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव याच पक्षावरून घेतले, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. न्यूयॉर्क शहरात बॉम्बस्फोटांचा कट केल्याच्या आरोपावरून ब्लॅक पँथर पक्षाच्या एकवीस जणांविरुद्ध सरकारने जो खटला उभा केला, त्यात त्या आरोपी होत्या. पोटात मूल, मुक्काम तुरुंगात आणि कायद्याचे शिक्षण मुळीच नाही, अशा अवस्थेत त्यांनी वकील न घेता आपली कैफियत स्वतः मांडली, साक्षीदारांची उलटतपासणी स्वतः घेतली, आणि मे १९७१ मध्ये ज्युरीने सर्वच्या सर्व १५६ आरोपांतून आरोपींना निर्दोष सोडले. पुढच्याच महिन्यात टूपाक जन्मला.

बाराव्या-तेराव्या वर्षी हार्लेमच्या अपोलो थिएटरमध्ये ‘अ रेझिन इन द सन’ या नाटकात त्याने लहान मुलाची भूमिका केली, आणि कुटुंब बाल्टिमोरला गेल्यावर तेथील कलाविद्यालयात अभिनय, काव्य, जॅझ व बॅले यांचे रीतसर शिक्षण घेतले. ‘नटक्रॅकर’ या बॅलेमध्ये खेळण्यातील शिपायांच्या सैन्याशी झुंजणारा मूषकराज म्हणून पावले टाकणारा हा कुमार, पुढे अंगभर गोंदून घेऊन छायाचित्रांतून जगाकडे रोखून पाहणाऱ्या रॅपरच्या आत अखेरपर्यंत वावरत होता, असे माझे ठाम मत आहे. ‘ज्यूस’ या १९९२ च्या चित्रपटातील त्याची भूमिका पाहताना ते पदोपदी जाणवते. कॅलिफोर्नियाचा भूमिपुत्र तर तो नव्हताच. दारिद्र्याने पिचलेले हे कुटुंब तेथे गेले ते १९८८ साली, तो सतरा वर्षांचा असताना. आई त्या काळात कोकेनच्या व्यसनात सापडली होती, आणि ते दुःख न लपवता तिच्याविषयीची कृतज्ञता ज्या ‘डिअर मामा’ या गाण्यात त्याने व्यक्त केली, ते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० साली राष्ट्रीय ध्वनिसंग्रहात दाखल करून घेतले.

त्याला झालेल्या तुरुंगवासाच्या शिक्षेविषयी मात्र चाहते आणि निंदक दोघेही सत्याशी सारखाच अन्याय करतात. एक पक्ष म्हणतो, तो सर्वस्वी निरपराध होता. दुसरा म्हणतो, सर्व आरोप शाबीत झाले. दफ्तर असे सांगते, की न्यूयॉर्कच्या ज्युरीने १ डिसेंबर १९९४ रोजी त्याला एका तरुणीवरील लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरवले, आणि अधिक गंभीर अशा अन्य आरोपांतून व शस्त्रांविषयीच्या आरोपांतून मुक्त केले. आदल्याच दिवशी मॅनहॅटनमधील एका ध्वनिमुद्रणगृहाच्या खालच्या दालनात त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. दीड ते साडेचार वर्षांची शिक्षा झाली, आपण निर्दोष आहोत असे तो शेवटपर्यंत म्हणत राहिला, आणि ऑक्टोबर १९९५ मध्ये अपील प्रलंबित असताना तो चौदा लाख डॉलरच्या जामिनावर सुटला. त्याच्या कलेवर मनापासून प्रेम करणाऱ्याने त्या तरुणीची फिर्याद व तो निकाल झाकून ठेवू नये, असे मला वाटते. ‘मी अगेन्स्ट द वर्ल्ड’ हा गीतसंग्रह त्याने कोठडीत रचला ही समजूतही खोटी. तो तुरुंगवासापूर्वीच ध्वनिमुद्रित झाला होता, आणि मार्च १९९५ मध्ये प्रसिद्ध होऊन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला तेव्हा गायक मात्र गजाआड होता.

७ सप्टेंबर १९९६ च्या रात्री लास व्हेगासमध्ये टायसनची मुष्टियुद्धाची लढत पाहून परतताना, चौकात सिग्नलला थांबलेल्या मोटारीत त्याला गोळ्या लागल्या, आणि १३ सप्टेंबरला, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो इस्पितळात मरण पावला. तो क्यूबात जिवंत आहे या वदंतेला दोन आधार दिले जातात. मॅकियाव्हेलीने आपल्या मृत्यूचा देखावा केला, आणि टूपाकने अखेरीस ‘माकावेली’ हे नाव घेतले, हा पहिला. पण त्या फ्लोरेन्सच्या मुत्सद्द्याने असे काहीही केलेले नाही, तो १५२७ साली रीतसर वारला. मृत्यूनंतरही नवे संग्रह निघत राहिले, हा दुसरा. त्याचे उत्तर सरळ आहे. जामिनावर सुटल्यापासूनच्या अकरा महिन्यांत त्याने झपाटल्यासारखे ध्वनिमुद्रण केले, त्या शिलकी फितींवर इतरांनी मागाहून साज चढवला, आणि त्या फितींच्या हक्कासाठी आईला त्याची गाणी प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीशी कज्जे करावे लागले.

अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम किनाऱ्यांच्या रॅप गायकांमधील वैरातून त्याचा खून झाला, हे तर सर्वमान्य सत्य म्हणूनच सांगितले जाते. परंतु सप्टेंबर २०२३ मध्ये डुएन डेव्हिस याला या खुनाच्या आरोपावरून अटक झाली, तेव्हा फिर्यादी पक्षाने जी हकीकत मांडली ती निराळी आहे: गोळीबाराच्याच संध्याकाळी हॉटेलात टूपाक व त्याच्या सोबत्यांनी डेव्हिसच्या भाच्याला मारहाण केली होती, आणि कॅलिफोर्नियातील कॉम्प्टनमधील टोळ्यांच्या वैरातून तिचा सूड घेतला गेला. डेव्हिसने आरोप नाकबूल केला आहे.

२०१२ साली कॅलिफोर्नियातील कोचेला संगीत महोत्सवात टूपाकचा ‘होलोग्राम’ गायला, असे म्हणतात. तो होलोग्राम नव्हता. मंचावर तिरका ताणलेला पारदर्शक पडदा व त्यावर परावर्तित केलेली संगणकनिर्मित आकृती, म्हणजे १८६० च्या दशकात लंडनच्या प्रेक्षकांना भुते दाखवणारी जुनीच युक्ती. उघड्या छातीवर सोन्याची साखळी झुलवत त्या आकृतीने महोत्सवाचे नाव घेऊन हजारो श्रोत्यांना साद घातली. कोचेला महोत्सव सुरू झाला १९९९ साली. टूपाकला जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती.