कोंबडी खुडूक बसली, आता काय?

आमच्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मध्यंतरी एक आजी चार वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. दोन दिवस ताप आणि जुलाब. काय खाल्लं, पाणी कुठलं, असं विचारत असताना आजी सहज म्हणाल्या, ‘‘खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली होती. आठवड्यानं बॅटरी लावून बघितली, तर तीन कोरी निघाली. टाकायची कशाला, म्हणून पोळी करून दिली.’’ त्या अंड्यांमुळेच जुलाब झाले, असं ठामपणे सांगता येणार नाही. मुलगा ओआरएसनं सावरला. पण हा प्रकार घरोघरी चालतो, म्हणून हा विषय.

खुडूक होणं हा आजार नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक जास्त स्रवू लागतं. बाळंतिणीला दूध येतं, तेही याच संप्रेरकामुळे. कोंबडीत त्यामुळे अंडी घालणं थांबतं, ती खुराड्यातून हलत नाही, जवळ गेलं की पिसं फुलवून टोचते. छातीखालची पिसं झडून तिथली उघडी, ऊबदार त्वचा थेट अंड्यांना टेकते.

पिल्लं नको असतील तर काही जण तिला पाण्यात बुचकळतात, नाकपुड्यांत पीस खुपसतात. हे क्रूर आहे आणि गरजेचंही नाही. खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, उजेडात, दाणापाणी देऊन तीन ते पाच दिवस ठेवलं की बहुतेक कोंबड्या पूर्ववत होतात.

पिल्लं हवी असतील तर आठवड्याच्या आतली, स्वच्छ, न तडकलेली दहा-बारा अंडी एकाच दिवशी ठेवावीत. अंडी धुऊ नयेत. कवचावरचा संरक्षक थर निघून जातो. टोपलीत पेंढा घालून ती शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. कोंबडी दिवसातून एकदा उठते. तेव्हा दाणा आणि पाणी जवळच असावं. अंडी ती स्वतःच फिरवते. सातव्या दिवशी उजेडात धरल्यावर फलित अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. 21 दिवसांनी पिल्लं निघतात. कवच सोलून ‘मदत’ करू नये, रक्तस्राव होऊ शकतो. पोटात शोषलेल्या बलकावर पिल्लू पहिले एक-दोन दिवस तग धरतं.

आता त्या कोऱ्या अंड्यांबद्दल. कोंबडीखाली अंडं साधारण साडेसदतीस अंशांवर राहतं. आमच्या प्रयोगशाळेत रुग्णाच्या नमुन्यातले जंतू वाढवायला यंत्र ठेवतो, तेही 37 अंशांवरच! कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. आत साल्मोनेलासारखे जंतू असले, तर आठवडाभरात त्यांची चंगळ होते. म्हणून उबवलेलं अंडं, कोरं असो वा नासकं, खाऊ नये. खोल खड्ड्यात पुरावं.

दुसरी काळजी पिल्लांची. निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही हे जंतू असू शकतात. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया आणि वृद्धांना त्यांचा त्रास अधिक होतो. पिल्लांचा खोका पलंगाखाली किंवा स्वयंपाकघरात नको. मुलांनी पिल्लांचे मुके घेऊ नयेत. हाताळल्यावर साबणानं हात धुवावेत. जुलाबात रक्त, सतत ताप किंवा लघवी कमी होणं दिसलं, तर घरी थांबू नका. आणि कोंबड्या एकाएकी मरू लागल्या, तर त्या कापून खाऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मानमोडीची लस पिल्लांना पहिल्या आठवड्यातच तिथून द्यावी.

आजींना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘नऊ पिल्लं निघाली बघा, डॉक्टर. तीन अंडी गेली तर गेली.’’ हिशेब अगदी बरोबर आहे.