देह, कोळसा आणि बेळगावचे रेखाटन

मानवी देह प्रत्यक्ष समोर पाहून केलेले रेखाटन, म्हणजेच कलाशाळांच्या बोलीतील ‘लाइफ ड्रॉइंग’, बेळगाव-निपाणी पट्ट्यात मुंबईच्या वाटेने आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात जाईपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबईच्या राज्यकारभाराचा भाग होता आणि त्यामुळे येथील होतकरू चित्रकाराची नजर साहजिकच १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे लागलेली असे. १८९० मध्ये कोल्हापूरहून याच शाळेत दाखल झालेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी पुढे आयुष्याची चार दशके तेथे घालवली, ही गोष्ट दक्षिण महाराष्ट्र आणि सीमाभागातील पुढच्या पिढ्यांना आधार देणारी ठरली.

जे. जे.मधील विद्यार्थ्यांचा प्रारंभीचा अभ्यास प्लास्टरचे पुतळे आणि वस्त्रधारी माणसे यांवर चाले. नग्न मॉडेलसमोर बसून अभ्यास करण्याचा वर्ग शाळेचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९१९ च्या सुमारास सुरू केला. कलकत्त्याच्या कलाशाळेत ई. बी. हॅवेल यांनी पाश्चात्त्य नमुन्यांपासून शिक्षण दूर नेले होते, तर मुंबईने देहाच्या निरीक्षणावरचा भर अधिकच वाढवला. या निवडीचा परिणाम बेळगावात स्पष्ट दिसतो. चित्रकार के. बी. कुलकर्णी यांनी येथे ‘चित्रमंदिर’ ही कलाशाळा चालवून वास्तवदर्शी व्यक्तिचित्रणाची आणि मानवाकृतीच्या अभ्यासाची जी परंपरा रुजवली, तिच्यातूनच बेळगावात जन्मलेले रवी परांजपे (१९३५–२०२२) यांच्यासारखा चित्रकार घडला. वरेरकर नाट्यसंघाच्या कलादालनाला दिलेले कुलकर्णींचे नाव हा या ऋणाचा योग्य सन्मान आहे.

या अभ्यासाला कोळसा इतका मानवतो, याचे कारण त्याच्या घडणीत आहे. विलोसारख्या झाडाच्या बारीक काड्या बंद भांड्यात, हवा लागू न देता तापवल्या की लाकडातील इतर द्रव्ये निघून जातात आणि ठिसूळ, निर्मळ काळा कार्बन उरतो; त्यात चिकटणारे काही नसल्यामुळे कागदाच्या खरबरीत पृष्ठावर तो केवळ अडकून राहतो आणि कापडाच्या एका फटकाऱ्याने उडूनही जातो. त्यामुळे शिकणाऱ्याला चुकीच्या रेषेचे भय उरत नाही. कांडी आडवी धरून छायेचा मोठा भाग एका हाताने भरता येतो आणि रबराने प्रकाश उचलून काढता येतो, म्हणजे विद्यार्थी कडेच्या रेषेऐवजी घनता पाहू लागतो. पेन्सिल हाती असलेला नवशिका पापण्या मोजत बसतो. कोळसा त्याला ती चैन करू देत नाही. मात्र बेळगावच्या दीर्घ पावसाळ्यात दमट झालेला कागद कोळसा नीट धरत नाही, आणि पूर्ण झालेले काम टिकवायचे तर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचा, पातळ फवारा मारावा लागतो.

वर्गाची रीत मिनिटा-दोन मिनिटांच्या झटपट रेखाटनांनी सुरू होते, ज्यांत अवयव नव्हे तर देहाचा एकूण झोक पकडायचा असतो. नंतरच्या दीर्घ पोझमध्ये हात ताठ धरून, एक डोळा मिटून, कांडीवर अंगठ्याने मापे घेतली जातात आणि उभ्या मॉडेलचा तोल गवंड्याच्या ओळंब्यासारख्या एका काल्पनिक उभ्या रेषेने तपासला जातो. सारा भार एका पायावर असेल तर गळ्याखालच्या खळगीतून सोडलेली ही रेषा त्या पायाच्या घोट्याजवळ उतरते; त्या बाजूचा नितंब वर चढतो, तर खांदा खाली येतो. हा विरोधी कल ज्याला दिसला नाही, त्याची आकृती कितीही घोटली तरी उभी राहत नाही.

येथे सीमाभागाचा स्वतःचा प्रश्न उभा राहतो. पाश्चात्त्य पुस्तकांतील साडेसात किंवा आठ डोक्यांचे प्रमाण ताठ उभ्या देहासाठी आहे, आणि निपाणीच्या श्रमाचा देह बहुधा बसलेला असतो. मांडीवर सूप घेऊन विडी वळणारी बाई, वखारीत तंबाखूजवळ वाकलेला हमाल, बाजारात उकिडवा बसलेला शेतकरी यांच्यापुढे ते माप निरुपयोगी ठरते, कारण चित्रकाराच्या दिशेने आलेली मांडी आखडून दिसते, गुडघा खांद्याजवळ येतो आणि कटीचे हाड, ज्यावर सगळी बैठक तोललेली असते, कपड्याआड जाते. दृष्टिकोनामुळे लांबी आखडून दिसण्याच्या या प्रकाराला फोरशॉर्टनिंग म्हणतात, आणि मांडी घालून बसणाऱ्या समाजात ते अपवाद नसून नित्याचेच आहे. नऊवारीचा कासोटा आणि धोतराचा ओचा पायांची घडण झाकतात तशीच सांगतातही, कारण वस्त्राची प्रत्येक ताणलेली चुणी आतल्या हाडाच्या एखाद्या टोकापासून निघते.

म्हणून वस्त्रधारी अभ्यास दुय्यम मानणे चूक आहे, परंतु तो पुरेसा मानणेही तितकेच चूक आहे. चुणी कोठून निघते हे कळण्यासाठी फऱ्याचे हाड आणि कटी एकदा तरी उघडी पाहिलेली असावी लागते. ती न पाहता केलेल्या व्यक्तिचित्रांत चेहरा जिवंत असतो आणि अंगरख्याच्या आत कोणीच नसते. या भागात तालमी आहेत, लाल मातीत लंगोट लावून उतरणारे पैलवान आहेत, आणि त्यांच्या खांद्या-पाठीचा अभ्यास त्यांच्या संमतीने सहज होऊ शकतो. स्त्रीदेहाच्या अभ्यासाची अडचण मात्र केवळ संकोचाची नाही. मॉडेल म्हणून बसणे हे अंग आखडवणारे, घाम काढणारे काम आहे, त्याला ठरलेली मजुरी, ठरावीक विश्रांती, कपडे बदलण्यासाठी आडोसा आणि छायाचित्र न घेण्याची हमी लागते. या चार गोष्टी लेखी देणाऱ्या वर्गाकडे, विड्यांच्या हिशेबावर दिवस मोजणारी निपाणीची एखादी बाईही काम म्हणून पाहू शकेल, आणि तिने नकार दिला तर तो नकारही तिच्याच अधिकाराचा राहील.